चंद्राची तारीख

गुदैबियातल्या आमच्या ऑफिसला खिडकी आहे,
खिडकीबाहेर समुद्र नाही, शेजाऱ्यांच्या एसींच्या पाठी आहेत.
गेल्या वर्षी तिथे बसून मी कोडमध्ये एक ओळ लिहिली:
रमझान अमुक तारखेपासून.
वर टीप टाकली, "तात्पुरतं. नंतर नीट करू."

नंतर म्हणजे कधी, हे आखातात विचारू नये.
माझा व्हिसाही तात्पुरताच आहे,
अकरा वर्षं झाली.

चंद्र एक दिवस आधीच दिसला.
प्रोग्रॅमला कोण सांगणार?
त्याच्या लेखी शाबान चालूच.
रोज्यात सहा तासांची पाळी,
दोनशे बारा सफाई कामगारांनी आठ भरले,
वरचे दोन तास कुठे गेले
ते फक्त मला ठाऊक.

एकटा इदरीस मियाँ आला.
भांडला नाही. चिठ्ठीची घडी टेबलावर सपाट केली,
आकड्याखाली नख ओढलं
आणि उभा राहिला.
नऊशे फिल्स.
बेन्नीने खिशातून एक दिनार दिला.
त्याने शंभराचं नाणं काढून टेबलावर ठेवलं, गेला.
बाकीचे दोनशे अकरा आलेच नाहीत.

यंदा मी चार दिवस मागितले.
एक साधी स्क्रीन हवी,
चंद्र दिसला की सय्यद अलवी स्वतः तारीख भरेल, बस.
बेन्नी म्हणाला, "गुरुवारी डिलिव्हरी.
तारीख बदल. एका ओळीचं काम."
माणूस वाईट नाही तो.
गुरुवारचा चेक अडला तर
त्याच्या मुलीची फी अडते,
आणि माझा पगार.

मी तारीख बदलली.
फक्त "तात्पुरतं" खोडून टीपेत लिहिलं:
इदरीस मियाँ, नऊशे फिल्स.
"हे काय?" बेन्नीने विचारलं.
"टीप आहे. प्रोग्रॅम वाचत नाही ती."
त्याने वाचली. पुसायला सांगितलं नाही.

शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी
सगळी बिल्डिंग गच्चीवर.
धुळीने पश्चिम ताकासारखी गढूळ,
खालच्या मजल्यावरचा ड्रायव्हर
पोराला खांद्यावर घेऊन बोट दाखवतोय,
पोराला काहीच दिसत नाही.
आणि मी, ज्याला रोजाही नाही,
खिशातला फोन मुठीत धरून
एवढ्या थोरल्या चंद्राला विनवतोय,
बाबा रे,
आज नको. उद्या ये.