डाव्या कुशीवर

"डाव्या कुशीवर वळा," मी म्हटलं.
इंदुमती चेऊलकर वळल्या नाहीत.
"तसं झोपलं की दम कोंडतो. आठ महिने
खुर्चीत बसून झोपतेय. ह्यांना वाटतं, रुसलेय."

जेल गार लागेल, हे आधी सांगते मी सगळ्यांना.
त्या दिवशी सांगायचं राहिलं.
दोन बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवला, आणि
डाव्या कप्प्यात काहीतरी झुललं.
देठ होता त्याला. झडप उघडली
की दारातून डोकं बाहेर काढायचं,
मिटायच्या आत पुन्हा घरात.
भाडं न भरता राहिलेलं,
येणाऱ्याजाणाऱ्या रक्ताची वाट अडवून.

फोर्टात कोर्टाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून
एकवीस वर्षं अर्ज टाईप केलेत बाईंनी,
भाडेकरूंचे, घटस्फोटांचे, नाव बदलण्याचे.
एका डॉक्टरने दमा म्हटलं, एकाने वय,
तिसऱ्याने विचारलं, घरी काही टेन्शन?
तिघांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून
फाईलीत टाचून आणल्या होत्या.

स्क्रीन मी जरा माझ्याकडे वळवला.
"काय आहे?"
"सर सांगतील."
"तुमचा हात थांबला, म्हणून विचारलं."

गुरुवारी पहिलीच केस.
छाती उघडली, बर्फाचं पाणी ओतलं,
बेचाळीस मिनिटं हृदय गप्प.
शेजारचं यंत्र त्यांच्या वाटचं फिरत राहिलं.
देठासकट काढली, मुळाशी चिमूटभर भिंतीसकट,
न फोडता. तुकडा सुटला असता
तर मेंदूपर्यंत गेला असता, हे मला
रेसिडेंट मिस्किटाने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं,
बाटली हलवत. आत पांढुरकी, लिबलिबीत,
आरपार दिसेल न दिसेलशी.
"घ्या, तुमची."
माझा डबा उघडाच होता.

रिपोर्ट आला: साधी गाठ.
साधी. त्यांच्या यजमानांनी तो शब्द
बोट ठेवून दोनदा वाचला म्हणे.

एप्रिलात त्या आल्या. न सांगता वळल्या
डाव्या कुशीवर. झडप
उघडत मिटत राहिली, दारात कुणी नाही.
डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाची खूण:
"चेऊलकरचं चौलकर केलंय. बदलून द्या,
नाहीतर विमेवाले म्हणतील,
दुसरीच बाई बरी झाली."

जाताना टेबलावर पिशवी ठेवली.
परळच्या पुलाखालचे ताडगोळे, डझनभर.
"गार आहेत, लगेच खा."

दार लागल्यावर एक सोलला.
तळहातावर थरथरला,
उजेड आत शिरला त्याच्या.
बाहेर पुढचा पेशंट खोकत होता.
खाल्ला.