चांदीचे ठिपके

मिरजेत दुसऱ्या मजल्यावर
खिडकीला काळा कागद चिकटवलेली आमची खोली.
दोन भाग चांदीचा क्षार, एक भाग जिलेटीन,
त्यात मुंग्यांचं आम्ल, थेंबभर.
अर्धा तास अंधार.
मग काच धुवायची आणि बघायचं:
हळदीच्या पाण्यासारखी पिवळी पेशी,
केंद्रकात काळे ठिपके.

चांदी उगाच कुठंही बसत नाही.
केंद्रिकेतली मोजकीच प्रथिनं तिला धरतात,
त्यातलं एक न्यूक्लिओलिन.
गाठीतल्या पेशी जितक्या घाईत, तितके ठिपके जास्त.
मी मोजते. शंभर पेशी. पुन्हा शंभर.
इलाही आकडे लिहून घेतो,
नाव झाकलेलं असतं.

आण्णा विट्याहून गुडघा दाखवायला आले होते.
अडतीस वर्षं गुंटूरला गलाई.
एक डोळा मिटून वाकले,
मुशीत बघायचे तसे.
"ह्यात चांदी किती भरंल?"
काट्यावर येणार नाही, आण्णा.
"मग तूट बी न्हाई," म्हणाले,
आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

मी सांगत राहिले.
पेशी दुभंगायला निघाली की केंद्रिका विरते,
केंद्रकाची भिंतही जाते.
हे प्रथिन तेवढं गुणसूत्रांच्या अंगाला लागून राहतं,
दोन्हीकडे जातं,
आणि तिथं पुन्हा ठिपका धरतो.
कुणीतरी ते काढून पाहिलं म्हणे:
गुणसूत्रं रांगेत येईनात,
केंद्रिका वेडीवाकडी झाली,
पेशी मधेच अडून बसली.
(हे आरवाडे मॅडमनी सांगितलं होतं,
डब्यातली भेंडी निवडत.)

"टंच काढणारा गेला की
भट्टीवर असंच हुतं," आण्णा म्हणाले.
बरोबर नव्हतं ते. मी दुरुस्त केलं नाही.

जाताना त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला.
अंगठा, दोन बोटं, काळी.
तेजाबानं निघत नाही, साबणानं नाही,
हे त्यांनाच ठाऊक.
कातडी खालून नवी येते तेव्हाच जातं.

त्यांची बोटं आता स्वच्छ आहेत.
दुकान मोडल्याला तीन वर्षं झाली.
मला आठवत नाही
ती कधी उजळली;
रोज थोडी थोडी, खालून,
कुणी न मोजता.

"एस.टी. चारची हाय," ते म्हणाले.
मी दिवा घालवला,
पुढची काच अंधारात ठेवली.