बेदोबा

सकाळी सिंकमध्ये अक्रोड वर आला.
आख्खा नव्हे, वाटलेला,
पिवळट साय धरून, लसणाचा वास घेऊन,
दार न वाजवता पाहुणा यावा तसा.

सात्सिवी मी यंदा केलीच नव्हती.
टर्की महाग, आणि एकटीसाठी कोण वाटत बसणार.
म्हणजे ही चौथ्या मजल्याची.
भरड वाटते त्यांची सून, त्सिसाना. घाई असते तिला.

तिबिलिसीतल्या या इमारतीत एकच पाइप
पाच स्वयंपाकघरांतून खाली येतो,
ओतीव लोखंडाचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.
वरचे सोडतात आणि विसरतात.
सोडलं की संपलं, असं वाटतं त्यांना.
तळमजल्यावर काहीच संपत नाही.

उकळतं पाणी ओतलं. सोडा टाकला, वर व्हिनेगर.
फसफसलं जोरात. मला वाटलं, जमलं;
ते नुसतं हसत होतं.
मग रबरी वाटी घेऊन दाबत बसले, बाही कोपरापर्यंत ओली,
आणि आठवलं, आज दोन तारीख. बेदोबा.
आजचा दिवस जसा जाईल तसं म्हणे वर्ष जातं.
वा, झुझुना. वर्षभर हेच.

गोचाला फोन केला. "आज, काकू? आज?"
म्हटलं, नशीब काढायला तूही बाहेर पड की.
तो येईपर्यंत जिने चढून सांगत सुटले:
नळ उघडू नका, भांडी तशीच राहू द्या.
एलिझबार मास्तरांना ऐकू येत नाही,
त्यांच्या नळाला मीच चिकटपट्टी लावून आले.
तिसऱ्यावर गेले नाही.
लमाराशी अकरा वर्षं बोलत नाही मी.
तिच्या चादरीचं पाणी माझ्या वाळत्या मिरच्यांवर ठिबकलं,
तिथून सुरू झालं, आणि पुढे काय काय.
त्सिसानाच्या पोराला धाडलं निरोप देऊन.

गोचाने तारेची स्प्रिंग घातली, फिरवली,
मान वाकडी करून पाइपचं ऐकत राहिला,
डॉक्टर छातीचं ऐकतात तसा.
मग ओढली.
बादलीत पडलं सगळ्यांचं नवं वर्ष:
गोठलेली चरबी, मेणासारखी, मुठीएवढी;
द्राक्षांची सालं; बिटाचा लाल धागा;
मास्तरांच्या औषधाचं रुपेरी झाकण.
गोचा नाक मुरडून म्हणाला, ओतून येऊ?
म्हटलं, थांब जरा.

खोटं का बोला, शोधत होते मी.
न बोलताही ठाऊक असतं खालच्याला.
तिचा गुरुवारचा राजमा, ईस्टरचे तारखूनचे देठ,
मुलगा येणार असला की कांदा, कांदा, कांदा.
या खेपेला नुसती चहाची पत्ती.
सुटी पत्ती तिच्याशिवाय कोणी वापरत नाही आता.
काळी, ओली, आठवडाभराची असेल.
तिच्यासोबत दुसरं काही नाही.

"आता वरून पाणी सोडायला सांगा," गोचा म्हणाला.
जिना चढायची ताकद नव्हती.
डाव घेतला आणि पाइपवर वाजवला:
पहिल्यासाठी एक (मास्तरांना कुठलं ऐकू येणार),
दुसऱ्यासाठी दोन, आलं धाडधाड.
चौथ्यासाठी चार, आलं, सोबत पोराचं ओरडणंही.
मग डाव खाली ठेवला.
मग उचलला.

तीन.

पाइप गप्प. गोचा घड्याळ बघतो आहे.
पुन्हा तीन, जरा हळू.
वरून चमच्याचा आवाज आला, बारीक.
एक, दोन. तिसरा येतो की नाही,
तेवढ्यात पाणी आलं,
करंगळीएवढी धार असेल, बराच वेळ येत राहिली.

गोचाचे तीस लारी झाले. पाच घरं, सहा-सहा.
सणाचे म्हणून दहा जास्त मागतो मेला.
दिले मीच, वसुली उद्या.

हात तीनदा धुतले, अक्रोडाचा वास जात नाही.
राजमा भिजत घातला, मोठ्या पातेल्यात,
एकटीला लागतो त्याहून बराच.
दुपारचे दोनच वाजले होते.
दिवस अजून उरला होता.