फोन एंगेज

डलूथमध्ये हिवाळा सहा महिन्यांचा.
त्या वर्षी तेवढेच महिने
आमच्या घरचा फोन एंगेज होता.

माझी बहीण आयली तळघरात,
वॉशिंग मशीनला पाठ टेकून,
मांडीवर कीबोर्ड, पायांत बाबांचे लोकरी मोजे.
मोडेम आधी किंचाळायचा, मग खाकरायचा,
मग घसा मोकळा करून कुणाला तरी हाक मारायचा.
मासा घशात अडकलेला कावळा, बाबा म्हणायचे,
आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

बंदराकाठच्या विटांच्या गोदामात
पेटिंगिलसाहेबांची अडीच हजार कापडी जनावरं
धूळ खात पडली होती.
मुठीत मावतील एवढी. पोटात जवस.
आयली तिथे पावत्या फाडायची, तासाला साडेसहा डॉलर.
एकदा म्हणाली, यांना नावं नाहीत,
म्हणून कुणी घरी नेत नाही.
साहेब म्हणाले, मग ठेव की.

पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत,
पण बारसं झालं सगळ्यांचं.
साळिंदर गर्ट्रूड, जन्म तीन मार्च.
गळ्यातल्या चिठ्ठीवर दोन ओळी:
काटे माझे मऊ कापसाचे,
मिठी मारा, भय नाही कशाचे.
अस्वलाचं नाव ऑगस्ट.

मग तिने त्यांना पडद्यावर उतरवलं.
एक चित्र उतरायला चार मिनिटं.
आधी कान, मग कपाळ,
डोळे येईपर्यंत कॉफी निवायची.
आणि तरी माणसं थांबायची, तिकडे, कुठे कुठे.
टल्सातला एक दातांचा डॉक्टर.
सस्काटूनची एक बाई, जिला कळायला हवं होतं
गर्ट्रूडला भाऊ आहे का.
आयली प्रत्येकाला उत्तर द्यायची.
आहे, म्हणायची. बोलत नाही फारसा.

फेब्रुवारीत तपकिरी कापड संपलं.
एवढंच झालं होतं, कापड संपलं होतं.
आयलीने लिहिलं:
ऑगस्ट झोपायला गेला. आता उठणार नाही.
सकाळपर्यंत पाच डॉलरचं अस्वल साठला,
ईस्टरपर्यंत तीनशे वीसला.

आई इस्पितळाच्या धोबीखान्यात रात्रपाळीला.
त्याच आठवड्यातली एक रात्र, उणे सव्वीस,
गाडी सुरू होईना.
तिने चौदा वेळा घरी फोन लावला.
मग तळ्याच्या कडेने चालत निघाली, तीन मैल.

भुवयांवर बर्फ घेऊन ती तळघरात उतरली.
मला वाटलं, आता वायर ओढणार.
आयलीलाही वाटलं असावं,
तिने कीबोर्डवरून हात उचलले.
आई पायरीवर बसली. बूट काढता येईनात, मी काढले.
पडद्यावर अर्धं अस्वल येऊन थांबलेलं.
विकलं का हे?
विकलं.
कितीला?
साठ.
आईने बराच वेळ हिशेब केला. मग म्हणाली,
डोळे येऊ देत याचे, मग बंद कर.

तिच्या डाव्या पायाची दोन बोटं
पुढे कधीच जागी झाली नाहीत.
ऑक्टोबरात जाड मोजे काढताना
ती त्यांना ऑगस्ट म्हणायची.

पेटिंगिलसाहेबांनी बोट घेतली, मग मोठी बोट.
आयलीला नाताळात एक खोकं मिळालं,
चाळीस जनावरं, पगाराऐवजी की पगाराशिवाय
हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही.
बाबांनी ती निवृत्तीसाठी राखून ठेवली, प्लास्टिकमध्ये.
चार वर्षांत बाजार असा बसला
की खोक्याला खोक्याचाही भाव येईना.
आयली न्यू मेक्सिकोत गेली, पाण्याचे पंप दुरुस्त करते.
आता फोन लागतो.
ती उचलत नाही.

गेल्या शनिवारी चर्चच्या जुन्या बाजारात
काचेच्या बरण्यांमागे एक वॉलरस दिसला,
एक सुळा उसवलेला.
हा मी कधी पाहिला नव्हता.
चिठ्ठी उलटली. जन्म नऊ नोव्हेंबर.
माझा.
खाली दोन ओळी:
जिन्यावर बसून वाट बघतो,
विचारलं तर नाही म्हणतो.

टेबलामागची बाई म्हणाली, डॉलरला पाच.
मी म्हटलं, एकच हवा.
मग चार असेच निवडा, म्हणाली, कुणी नेत नाही हो.