बोटभर माया

कापडाच्या कडेला मी बोटभर माया सोडते.
पोर वाढतं, कापड वाढत नाही.
एवढ्या एका अकलेवर शाळा काढली,
आणि हे लिहायला
खात्याच्या फॉर्मात रकाना नव्हता.

डिचोली. गफूरच्या टायर-दुकानावरची माडी.
शिलाई मशीन भिंतीला सरकवलं,
अकरा पोरं, एक फळा,
घंटा म्हणून ट्रकच्या चाकाची रिम.
पहिल्या तासाला अरबी कायदा, उजवीकडून.
दुसऱ्याला बाराखडी, डावीकडून.
वही दोन्हींना एकच, कारण वही महाग.
रुबाब दोन्ही टोकांनी लिहीत आली
आणि मधल्या पानावर अडली.
'टीचर, आता खंयच्यान?'
मला उत्तर आलं नाही. नवी वही दिली.

इन्स्पेक्टर आले. त्यांची टेप पोलादी,
सोडली की खाडकन आत पळते.
माझी कापडी, गळ्यात.
त्यांनी दर मुलामागे जागा मोजली,
जिना मोजला, मुतारी मोजली,
शेरा लिहिला: अपुरे.
मी म्हटलं, साहेब, कुठं घट्ट होतंय तेवढं सांगा,
तिथं उसवते.
हसले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला.

कमिटीत हाजी कुतुबुद्दीनना दीन जास्त हवा,
मस्कतहून परतलेल्या नवाझला इंग्रजी जास्त.
फी कमी हवी, यावर मात्र
दोघांची आमीन एका दमात.

मग खाणी थांबल्या.
ट्रक दारासमोर उभे राहिले ते राहिलेच,
टपावर वेल चढले, खाली कोंबड्या बसल्या.
फीच्या वहीत नावांपुढे नुसती टिंबं.
कौसरच्या बापानं काजूबियांचं पोतं आणून टाकलं:
'तीन महिन्यांचे धरा.'
धरले.
बियांना चिकटलेली बोंडं आंबली,
कचेरीला आठवडाभर भलताच वास.
त्या आठवड्यात हाजीसाहेब फिरकले नाहीत,
अल्लाचे उपकार.

गणिताच्या शेवंती पर्येकर साखळीहून बसनं येतात.
अर्धा पगार हातावर ठेवताना माझी मान खाली.
त्या म्हणाल्या, 'उरलेला होईल तेव्हा द्या.
पण खडू जरा बरा आणा, हा फळ्यावर किंचाळतो.'
बरा खडू आणला. डझनामागे चार रुपये जास्त.
एवढं महागडं काही
त्या वर्षी आम्ही घेतलं नाही.

आता चौऱ्याण्णव.
माडी पुरेना म्हणून
लामगावच्या वाटेला पत्र्याचे दोन वर्ग,
दुपारी असे तापतात की
पहाडे वितळून एकमेकांत जातात,
सात सक्कं अठ्ठेचाळीस, कुणी दुरुस्तही करत नाही.
भेटेल तो मुबारक म्हणतो.
काल एका पोराला हाक मारायला गेले, नाव सुचेना.
'ए, निळ्या टोपीवाल्या!'
चाळीस टोप्या वळल्या.
सगळ्या मीच शिवलेल्या.

अकरांच्या वेळी मला
कुणाचा कुठला दात हलतोय तेही ठाऊक होतं.

रात्री मशीनवर बसले.
रुबाबचा कुर्ता धाकटीसाठी परत आलाय.
रुबाब चौथीत, पुढचा वर्ग आमच्याकडे नाही.
तिची आई विचारते, पाचवी कधी काढता?
मी म्हणते, बघू.
हल्ली मी फार वेळा बघू म्हणते.

कुर्ता दर वर्षी थोडा थोडा उसवलेला.
जुन्या टिपांची भोकं ओळीनं,
आणि ओळींच्या मधे निळ्याची गडद पट्टी,
उन्हाला उशिरा भेटलेली.
माया सगळी वापरून झाली.
धाकटीसाठी आता पुन्हा आत दुमडायचं.

दोऱ्याचं टोक ओलं केलं, तीनदा.
सुईचं नेढं दिसेना.
राहू दे. सकाळी, रिम वाजायच्या आधी
कुणीतरी ओवून देईल,
जिचं नाव
मला विचारून घ्यावं लागेल.