टोपल्याचं बूड

झरीच्या पुढे डांबर संपतं, तिथून दीड कोस पोड.
जनगणनेचे कागद घेऊन पोचलो तेव्हा
झितरू आत्राम बांबूच्या कामट्या सोलत होता.
"नाव झालं, वय अंदाजे लिवा.
आता काय इचारता?"
मातृभाषा, मी म्हणालो.
"मराठी लिवा. मागच्या बारीच्या गुर्जीनं
तेच लिवलं. आमी काई बोललो नाई."

बाजारातला तेलंगी व्यापारी म्हणतो, ही आमचीच, फक्त मोडकी.
गोंड म्हणतात, आमच्यातून फुटली.
पांढरकवड्याचे साहेब म्हणतात, भाषा कसली, बोली आहे ती,
लिपी दाखवा.
(साहेबांच्या आज्यानं जन्मभर अंगठाच उठवला.)

मग आली कुठून? मी विचारलं.
त्यानं अर्धं टोपलं पालथं केलं.
"याची पयली कामटी कोनती, सांगा."
मी बूड निरखत राहिलो.
सहा आडव्या, सहा उभ्या, एकमेकींच्या खालून निघालेल्या.
"इनलं का दिसत नाई, गुर्जी.
पन ते नसती, तं जवारी सांडली असती."

मला जूनमधली सोमी टेकाम आठवली. पहिलीतली.
ईर, ईर म्हणत माझ्याकडे बघत राहिली,
आणि मी फळ्यावर लिहिलं:
ई, ईडलिंबूचा.
तिच्याकडूनही दहादा म्हणवून घेतलं.
सुटीत ती हापशीकडे पळाली
तेव्हा कळलं, ईर म्हणजे पाणी.

डी.एड.ला मी एकदा "मले समजलं नाही" म्हणालो,
अख्खा वर्ग हसला होता.
तेव्हापासून फोनवर आईशीसुद्धा "मला" बोलतो.
ती जरा सावरून ऐकते,
बँकेतून कोणी बोलतंय तसं.

मी रकान्यात कोलामी लिहिलं. अक्षर बारीक काढावं लागलं.
"लिवलं? आता काय होईन?"
काही नाही, म्हणालो. खरं तेच होतं.

दारात नातू मोबाईलवर गेम खेळत होता.
मान न उचलता म्हणाला,
"आबा, कामटीले आपल्यात काय म्हनते?"

झितरूनं तोंड उघडलं.
हात चालूच होते, एक खाली, एक वर.
शब्द यायला जरा उशीर लागला.
आम्ही तिघंही थांबलो.