सायकलची जागा

चिलुफ्यानं विजेच्या बिलाच्या पाठीवर
चार पाइप काढलेत, एक पिंप,
आणि डाव्या कोपऱ्यात सूर्य.
तिथं खरं तर मुटालेची सायकल असते.

काब्वेत मुलांना चालण्याआधी शिकवतात,
माती तोंडात घालायची नाही.
खाण कधीच बंद पडली,
शिसं मात्र अंगणातच राहिलं
भाडं न देता.

आधी ठरलं होतं, मुळं हवेत टांगायची,
दर पाच मिनिटांनी तुषार.
मग तिनं बिल उलटं केलं,
गेल्या महिन्यातले अंधाराचे तास बोटांवर मोजले
आणि पंपावर काट मारली.

बादल्याच बऱ्या.
झाकणाला भोकं, भोकांत दह्याचे रिकामे कप,
कपांत तांदळाचा तूस, धुतलेला, दोनदा.
पाणी कुठलं? इथं पेन्सिल थांबते.

‘मातीवाचून भाजीला चव कशी येणार?’ मुटाले विचारतो.
ती रेपची रोपं मोजते, चौदा.
पंधरावं काढते, जरा थोराड.
धाकट्याच्या रक्ताचा अहवाल
त्याच कागदाला टाचलाय,
आकडा आत दुमडून.

‘सायकल हलव,’ ती म्हणते,
‘ऊन तिथंच येतं.’